ॲमेझॉनचं बाष्पीभवन वाढतंय की घटतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगल, पाऊस आणि बाष्पीभवन या विषयावर वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः ॲमेझॉनची आहेत, कारण वर्षावनातल्या बाष्पीभवनाची मोजमापं तिथे बरीच वर्षं आणि वेगवेगळ्या पद्धतींनी झाली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाष्पीभवन म्हणजे पाणी उडून जाणं, एवढंच ना? जंगलाच्या बाबतीत ते वेगळं का सांगतात?

जंगलातलं पाणी तीन वाटांनी हवेत जातं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांच्या पर्णरंध्रांतून बाहेर पडतं, तो बाष्पोच्छ्वास. पावसाचं काही पाणी पानांवर आणि फांद्यांवरच अडतं आणि जमिनीला न लागता उडून जातं, ही दुसरी वाट. तिसरी वाट म्हणजे उघडी माती, ओढे आणि तळी. घनदाट जंगलात खाली ऊन जेमतेम पोचतं, त्यामुळे तिसरी वाट अगदी लहान असते.

१९८० च्या दशकात मध्य ॲमेझॉनमधल्या मनौस शहराजवळच्या डुके राखीव जंगलात दोन वर्षं सलग मोजमाप झालं. पडलेल्या पावसापैकी सुमारे निम्मं पाणी परत हवेत गेलं. त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा ओल्या पानांवरून उडाला होता, बाकी जवळजवळ सगळं झाडांच्या आतून आलं होतं. पुढे ‘बाष्पीभवन’ हा शब्द तिन्ही वाटांच्या बेरजेसाठी वापरला आहे.

२. वर्षावनाचं हवामान नेमकं कशाला म्हणायचं? कोकण, आंबोली त्यात बसतात का?

कोपेनच्या वर्गीकरणात निकष सरळ आहे. सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमान १८ अंश सेल्सिअस किंवा जास्त हवं आणि एकाही महिन्याचा सरासरी पाऊस ६० मिमीच्या खाली जाता कामा नये. सिंगापूर, क्वालालंपूर, पेरूमधलं इकितोस, ब्राझीलमधलं बेलेम यात बसतात.

कोकण आणि गोवा बसत नाहीत. आपल्याकडे पाऊस तोलामोलाचा पडतो, पण चार महिन्यांत. जानेवारी ते एप्रिल जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे रत्नागिरी, पणजी शेजारच्या ‘उष्ण मोसमी’ प्रकारात जातात. तिथे वार्षिक पाऊस २,५०० मिमीच्या वर असला की एखादा महिना पूर्ण कोरडा गेला तरी चालतो. कुलाब्याचा पाऊस त्या रेषेखाली राहतो, म्हणून मुंबईचा तो भाग कागदोपत्री चक्क सव्हाना ठरतो!

ॲमेझॉनचं सगळं खोरंही एका प्रकारात बसत नाही. वायव्येला बारमाही पाऊस आहे, तर दक्षिणेला आणि पूर्वेला तीन ते पाच महिने कोरडे जातात. बाष्पीभवनातले बदल समजून घ्यायला हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे (प्रश्न ९ पाहा).

३. ॲमेझॉनमधून रोज किती पाणी वर जातं?

दिवसाला साधारण ३ ते ४ मिमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. सुमारे ५५ लाख चौरस किलोमीटर जंगल आणि दिवसाला साडेतीन मिमी असा हिशेब केला, तर रोज १९ अब्ज टनांच्या आसपास पाणी वर जातं. ॲमेझॉन नदी समुद्रात सेकंदाला सुमारे दोन लाख घनमीटर पाणी ओतते, म्हणजे रोज १७ अब्ज टन. जगातल्या सर्वांत मोठ्या नदीएवढंच पाणी झाडांच्या शेंड्यांवरून जातं, फक्त दिसत नाही. ब्राझीलमध्ये या वाफेच्या प्रवाहांना ‘उडत्या नद्या’ म्हणतात. अँडीजला अडून त्या दक्षिणेकडे वळतात आणि पाराग्वे, दक्षिण ब्राझील, उत्तर अर्जेंटिनापर्यंत पाऊस पोचवतात.

४. एवढ्या मोठ्या जंगलाचं बाष्पीभवन मोजतात तरी कसं?

चार पद्धती आहेत आणि चौघींचं एकमेकींशी फारसं पटत नाही.

सर्वांत जुनी पद्धत बाष्पीभवन पात्राची. त्याबद्दल प्रश्न ६ आणि ७.

दुसरी मनोऱ्याची. जंगलाच्या वर उपकरणं बसवून हवेचा वर-खाली झोका आणि त्यातली वाफ सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात. वर जाणाऱ्या झोक्यात वाफ जास्त आणि खाली येणाऱ्यात कमी, या फरकावरून बाष्पीभवन काढतात. मनौसच्या ईशान्येला उभा असलेला ३२५ मीटर उंचीचा आट्टो मनोरा याच कुळातला, पण त्याचा आवाका मोठा आहे. मनोऱ्यांची उणीव अशी की त्यांना आजूबाजूचे एक-दोन किलोमीटरच दिसतात, आणि येणाऱ्या ऊर्जेचा हिशेब बहुतेक ठिकाणी दहा ते तीस टक्क्यांनी कमी भरतो.

तिसरी जमाखर्चाची. पडलेला पाऊस, वजा नदीतून गेलेलं पाणी, वजा जमिनीत साठलेलं. जे उरतं ते बाष्पीभवन. नदीचा प्रवाह ॲमेझॉनकाठच्या ओबिडोस गावी मोजतात. जमिनीतला साठा २००२ पासून ‘ग्रेस’ उपग्रहांमुळे कळू लागला. पाण्याच्या वजनाने गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक ते टिपतात. संपूर्ण खोऱ्यासाठी माझा सर्वांत जास्त भरवसा या पद्धतीवर आहे, कारण यात पानांविषयी काहीच गृहीत धरावं लागत नाही. मात्र २०१७ मध्ये पहिली जोडी थांबली आणि दुसरी २०१८ मध्ये गेली, त्यामुळे मधे खंड आहे.

चौथी पद्धत उपग्रहांवरच्या सूत्रांची. हिरवेपणा, तापमान, ऊन यांवरून गणित मांडतात. नकाशे देखणे येतात. पण ढगांनी झाकलेल्या जंगलावर यातली काही सूत्रं ऋतूंचा क्रमच उलटा दाखवतात.

५. तापमान वाढलं की बाष्पीभवन वाढायलाच हवं. यात वाद कशाला?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची वाफ धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे खरं. पण हवेची तहान वाढणं आणि प्रत्यक्ष पाणी वर जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाण्याची वाफ करायला ऊर्जा लागते. दिवसाला १ मिमी बाष्पीभवनासाठी दर चौरस मीटरला सतत २८ वॅट खर्च होतात. ॲमेझॉनच्या जंगलाला रात्र-दिवसाची सरासरी धरून १३० वॅटच्या आसपास निव्वळ ऊर्जा मिळते. ती सगळी वाफेवर उधळली तरी दिवसाला साडेचार मिमीच्या पुढे मजल जात नाही, आणि जंगल आधीच त्याच्या जवळपास असतं. तापमान एक अंशाने वाढलं म्हणून ऊन सात टक्क्यांनी वाढत नाही. पाण्याची ददात नसलेल्या ठिकाणी बाष्पीभवनाची मर्यादा ऊन ठरवतं. उष्णता वाढल्यावर त्यातला थोडा जास्त वाटा हवा तापवण्याऐवजी वाफेकडे जातो, पण तो थोडाच.

आणि मधे झाड आहे. हवा फार कोरडी झाली की झाड पर्णरंध्रं आवळून घेतं. डबक्याला तसं करता येत नाही.

६. जग तापत असताना पात्रातलं बाष्पीभवन घटलं, असं वाचलं. हे कसं शक्य आहे?

हे खरंच घडलं. कृषी विद्यापीठांच्या आवारात, हवामान केंद्रांवर ते गोल पात्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल: सुमारे १२० सेंटिमीटर व्यास, २५ सेंटिमीटर खोली, खाली लाकडी चौकट. आपल्याकडे त्यावर तारेची जाळी असते, नाहीतर पाणी कावळे आणि कुत्रीच संपवतील. जाळीमुळे बाष्पीभवन दहा-पंधरा टक्क्यांनी कमी भरतं, म्हणून परदेशी आकड्यांशी थेट तुलना करू नये.

१९९५ मध्ये अमेरिका आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या पात्रांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. त्याआधीच्या काही दशकांत पाणी कमी-कमी उडत गेलं होतं. १९९७ मध्ये पुण्याच्या हवामान विभागातले चट्टोपाध्याय आणि ब्रिटनमधले माइक ह्यूम यांनी भारताची आकडेवारी तपासली. इथेही घटच निघाली, आणि तिचा संबंध सर्वांत जास्त वाढलेल्या सापेक्ष आर्द्रतेशी दिसला. २००२ मध्ये रॉडरिक आणि फार्कर यांनी दाखवलं की धूळ, धूर आणि ढगांमुळे जमिनीवर पोचणारं ऊन कमी झालं, हे मोठं कारण आहे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नोंदींत वाऱ्याचा वेग मंदावल्याचा परिणाम अधिक ठळक निघाला.

तात्पर्य, पात्रातलं पाणी केवळ तापमानावर उडत नाही. ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा हे तिघेही त्यात असतात, आणि तापमान त्या मानाने मागे पडतं.

७. मग पात्राचे आकडे जंगलाला लावता येतील का?

नाही. पात्र हवेची तहान मोजतं, जंगलाने प्रत्यक्ष दिलेलं पाणी नव्हे. कधीकधी दोघं उलट दिशेने जातात. आजूबाजूची जमीन सुकली की ती कमी वाफ सोडते, हवा कोरडी होते आणि पात्रातलं पाणी जास्त उडतं. बुशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलेला हा पूरक संबंध आहे. म्हणून पात्रातलं बाष्पीभवन घटल्याचा अर्थ काही ठिकाणी ‘प्रदेशातलं खरं बाष्पीभवन वाढलं’ असाही निघू शकतो. शिवाय वर्षावनातलं पात्र बहुतेक वेळा विमानतळावर किंवा शहराच्या कडेला मोकळ्या जागेत असतं. ठिबक सिंचनाचं वेळापत्रक लावायला पात्र उत्तम. ॲमेझॉनचं निदान करायला निरुपयोगी.

८. कोरड्या हंगामात जंगल जास्त पाणी सोडतं, हे खरं की छपाईची चूक?

खरं आहे. मध्य आणि पूर्व ॲमेझॉनमध्ये सांतारेमजवळच्या तापाजोस जंगलातल्या मनोऱ्यांनी हेच नोंदवलं. पावसाळ्यात आभाळ झाकलेलं असतं, ऊन कमी. पाऊस थांबला की आभाळ उघडतं, आणि प्रश्न ५ मध्ये म्हटल्याप्रमाणे ऊन वाढलं की बाष्पीभवन वाढतं.

पण पाणी येतं कुठून? खोल मुळांतून. १९९४ मध्ये पूर्व ॲमेझॉनमधल्या परागोमिनास इथे खड्डे खणून पाहिलं, तर आठ मीटरच्या खालचं पाणी झाडं वापरत होती आणि काही मुळं १८ मीटरपर्यंत पोचली होती. तोवर हवामानाच्या बऱ्याच प्रारूपांत मुळं मीटर-दोन मीटरच धरलेली होती. त्यामुळे त्यांच्या हिशेबातलं जंगल दर कोरड्या हंगामात सुकत असे, प्रत्यक्षात मात्र ते हिरवंगार राहत होतं.

अपवाद दक्षिणेच्या कडेचा. रोंदोनिया, माटो ग्रोसो इथे कोरडा काळ लांब असतो, आणि तिथल्या जंगलाचं बाष्पीभवन हंगामाच्या शेवटी खाली येतं.

९. सरळ सांगा: गेल्या ४० वर्षांत ॲमेझॉनचं बाष्पीभवन वाढलं की घटलं?

एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वेगवेगळे उपग्रह-संच खोऱ्याच्या सरासरी कलाच्या चिन्हावरही एकमत नाहीत: कुणी वाढ दाखवतो, कुणी घट. सरासरीत दोन विरुद्ध गोष्टी मिसळतात, म्हणून त्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

हवेची तहान वाढली आहे, याबद्दल शंका नाही. खोऱ्याचं तापमान चार दशकांत सुमारे एक अंशाने चढलं आहे. बाष्पदाबातली तूट, म्हणजे हवा धरू शकेल ती वाफ आणि तिच्यात असलेली वाफ यांतला फरक, विशेषतः दक्षिण आणि आग्नेय ॲमेझॉनमध्ये कोरड्या महिन्यांत वाढत गेला आहे. दक्षिण ॲमेझॉनचा कोरडा हंगामही १९७९ पासून दर दशकाला सुमारे साडेसहा दिवसांनी लांबला. पाऊस सुरू व्हायला उशीर होतोय, हे त्यातलं मुख्य कारण.

अखंड जंगल असलेल्या, बारमाही ओल्या वायव्य भागात प्रत्यक्ष बाष्पीभवन फार हललेलं नाही. तिथे पाणी आहे आणि मर्यादा उन्हाची आहे.

दक्षिण आणि पूर्व कडेला जंगल तुटलं आहे, आणि तुटलेल्या जागी बाष्पीभवन घटलं आहे, हे मात्र मोजलेलं आहे (प्रश्न १०). ब्राझीलच्या वाट्याच्या ॲमेझॉन जंगलापैकी साधारण पाचवा हिस्सा गेला, आणि तो समान पसरलेला नसून एका कमानीत एकवटला आहे. म्हणून माझं मत असं: ॲमेझॉनमधल्या दीर्घकालीन बदलाची मोठी गोष्ट थर्मामीटरमध्ये शोधण्यापेक्षा जमिनीच्या वापराच्या नकाशात शोधावी. तहान वाढलेली हवा आणि पाणी वर चढवणाऱ्या मुळांची उणीव एकाच पट्ट्यात एकत्र आली आहे.

१०. जंगल कापून कुरण केलं तर किती फरक पडतो?

रोंदोनियात जारू राखीव जंगल आणि त्याच भागातलं एक कुरण, दोन्हीकडे मनोरे उभे करून तुलना झाली. कुरणाचं बाष्पीभवन ओल्या हंगामात सुमारे वीस टक्क्यांनी आणि कोरड्या हंगामात सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी भरलं.

कारणं तीन. गवताची मुळं उथळ असतात, वरची माती सुकली की संपलं. फिकट रंगामुळे कुरण जास्त ऊन परत फेकतं: जंगल १३ टक्के परावर्तित करतं, तर कुरण १८ टक्क्यांच्या आसपास. आणि सपाट गवतावर हवेचे भोवरे कमी उठतात, त्यामुळे वाफ वर नेणारी घुसळण मंदावते. वाफेवर खर्च न झालेली ऊर्जा मग हवा आणि जमीन तापवते. भर दुपारी कुरणातली जमीन जवळच्या जंगलापेक्षा कितीतरी तापलेली असते, ती यामुळे.

११. कुरणाऐवजी सोयाबीन असेल तर?

सोयाबीन आणि त्यामागून मका अशी दोन पिकं घेतली, तर वाढीच्या भरात शेत बऱ्यापैकी पाणी सोडतं. फरक कापणीनंतर दिसतो. कोरड्या महिन्यांत शेत मोकळं पडतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत जंगल सर्वांत कामाचं असतं.

१२. तोडलेली जागा सोडून दिली तर बाष्पीभवन परत येतं का?

बरंचसं, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. पूर्व ॲमेझॉनमधल्या ‘कापोएरा’ म्हणजे पुन्हा वाढलेल्या रानांनी काही वर्षांतच जुन्या जंगलाच्या जवळपास पाणी सोडल्याची मोजमापं आहेत, कारण कापलेल्या झुडपांची खोल मुळं अनेकदा जिवंत असतात. वर्षानुवर्षं जनावरं चारून, जाळून, नांगरून मुळं मेली असतील तर इतकं सोपं नाही. जैवविविधता परतायला लागणारा काळ निराळाच, तो या हिशेबात नाही.

१३. कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं कमी पाणी सोडतात म्हणे. मग तो परिणाम किती?

१९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे मोजमाप सुरू झालं तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आता तो ४२० च्या वर आहे. हवेत तो जास्त असला की पर्णरंध्रं कमी उघडूनही झाडाचं भागतं. मोकळ्या रानात जादा वायू सोडून केलेल्या प्रयोगांत पर्णरंध्रांची वहनक्षमता सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास घटलेली दिसली. हे प्रयोग बहुतेक समशीतोष्ण प्रदेशातले होते. वर्षावनासाठी मनौसजवळ ‘ॲमेझॉन-फेस’ हा प्रयोग उभारला आहे.

पण पान कमी पाणी सोडतं म्हणून जंगलही त्याच प्रमाणात कमी सोडेल असं नाही. पानांचं क्षेत्रफळ वाढू शकतं. वाफ कमी झाली की पानं तापतात, हवा कोरडी होते आणि अशी हवा पानांतून वाफ जास्त ओढते. त्यामुळे एका पानावरचे वीस टक्के खोऱ्याच्या पातळीवर बरेच पातळ होतात.

१४. भर पावसात, शंभर टक्के दमट हवेत बाष्पीभवन कसं होईल?

होतं, आणि लक्षणीय होतं. बादलीतलं पाणी आणि तेच पाणी पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यांत, यांत जो फरक तोच जमीन आणि पानं यांत. कोकणात आषाढातही कपडे घरात हळूहळू का होईना सुकतात. जंगलात जमिनीच्या एका चौरस मीटरवर पाच-सहा चौरस मीटर पानं असतात. वरचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने हवा सतत घुसळली जाते, आणि ओल्या पानाला पर्णरंध्राची अटकावही नसते. सरींच्या मधे जरा उघडीप मिळाली की हे पाणी झपाट्याने उडतं. पाऊस संततधार आहे की तुटक सरींचा, यावरही त्यामुळे फरक पडतो. तुटक सरींत अडलेलं पाणी जास्त उडतं.

१५. २००५, २०१०, २०१५–१६, २०२३ अशा दुष्काळांत बाष्पीभवन किती घटलं?

प्रश्नातच गृहीत आहे की ते घटतं. दुष्काळाच्या सुरुवातीला अनेक ठिकाणी उलट वाढतं: आभाळ निरभ्र, ऊन भरपूर, खाली साठा शिल्लक. साठा संपू लागला की झाडं पर्णरंध्रं मिटतात आणि मग ते खाली येतं. त्यामुळे ‘दुष्काळी वर्षाची सरासरी’ फसवी असते.

दुष्काळ लांबला तर काय, याचं उत्तर पूर्व ॲमेझॉनमधल्या काशिउआना इथल्या प्रयोगातून मिळतं. तिथे २००२ पासून एक हेक्टर जंगलात झाडांखाली प्लास्टिकचे पत्रे लावून पानांतून गळणारं सुमारे निम्मं पाणी बाहेर वळवलं आहे. पहिली काही वर्षं जंगल टिकलं, मग मोठी झाडं मरू लागली. मोठं झाड गेलं की त्याच्या मुळांचा पंपही गेला, आणि पुढच्या वर्षी चांगला पाऊस पडला तरी तो परत येत नाही. मनौसला निग्रो नदीची पातळी ऑक्टोबर २०२३ मध्ये १२.७० मीटरवर आली, १९०२ पासूनच्या नोंदींतली तोवरची सर्वांत खालची. २०२४ मध्ये तो नीचांकही मोडला.

१६. बाष्पीभवन कमी झालं तर नद्यांना पाणी वाढेल. मग वाईट काय?

मर्यादित क्षेत्रावरचं जंगल गेलं तर नेमकं असंच होतं. तोकान्तिन्स नदीच्या वरच्या खोऱ्यात शेती आणि कुरणं वाढल्यावर १९७९–९८ चा सरासरी प्रवाह १९४९–६८ च्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढला, पावसात मात्र लक्षणीय बदल नव्हता. वाढ मुख्यतः पुराच्या महिन्यांत झाली.

मोठ्या पट्ट्यावरचं जंगल गेलं की गणित फिरतं, कारण वर न गेलेली वाफ पुढे पाऊस म्हणून पडत नाही. नदीला वाचलेल्या पाण्याचा फायदा आधी दिसतो, पाऊस घटल्याचा तोटा नंतर आणि दूर कुठेतरी. जलविद्युत प्रकल्पांचे हिशेब बहुधा पहिल्या भागावर थांबतात.

उलट बाजूचा गैरसमजही येतो: ‘ॲमेझॉनला पूर वाढलेत, म्हणजे बाष्पीभवन वाढलं’. तसं नाही. निग्रो नदीने जून २०२१ मध्ये ३०.०२ मीटरची विक्रमी पातळी गाठली. पूर वाढण्यामागे उष्ण झालेला अटलांटिक आणि बळावलेलं विषुववृत्तीय वाऱ्यांचं चक्र आहे. बाहेरून येणारी वाफ वाढली आहे.

१७. ‘ॲमेझॉन आपला अर्धा पाऊस स्वतःच तयार करतं’ हे बरोबर आहे का?

दोन आकडे एकमेकांत मिसळले जातात. पडलेल्या पावसाचा निम्म्याच्या आसपास भाग परत वर जातो, हे एक (प्रश्न १). वर गेलेली सगळी वाफ खोऱ्यातच पडते असं नाही. बरीच बाहेर जाते. खोऱ्यात पडणाऱ्या पावसापैकी खोऱ्याच्याच बाष्पीभवनातून आलेला वाटा अलीकडच्या बहुतेक हिशेबांत पाव ते एक तृतीयांश निघतो. पश्चिमेकडे, अँडीजच्या पायथ्याशी तो जास्त असतो.

‘अर्धा’ हा आकडा १९७९ च्या एनेआस सालाती यांच्या कामातून लोकप्रिय झाला. पद्धत सुंदर होती. पाऊस पडताना जड ऑक्सिजनचं पाणी आधी गळतं, त्यामुळे समुद्रापासून आत जावं तसा पाऊस हलका होत जायला हवा. ॲमेझॉनमध्ये तो अपेक्षेपेक्षा फारच कमी हलका होत होता. म्हणजे वाटेत झाडं जमिनीतलं जड पाणी जसंच्या तसं परत वर पाठवत होती. पुढे आकडा सुधारला, पण मूळ निरीक्षण आजही टिकून आहे.

याच युक्तीने २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. दक्षिण ॲमेझॉनमधला पावसाळा समुद्री वारे पोचण्याच्या दोन-तीन महिने आधीच सुरू होतो, आणि उपग्रहांनी टिपलेल्या जड हायड्रोजनवरून ती पहिली वाफ झाडांचीच असल्याचं कळलं. पावसाळा उशिरा सुरू होण्याचा (प्रश्न ९) आणि जंगलतोडीचा धागा इथे जुळतो.

१८. ‘जैविक पंप’ म्हणतात तो हाच का?

नाही. झाडांच्या वाफेतून पाऊस पडणं सर्वमान्य आहे. वाफेचं पाणी होताना हवेचा दाब घटतो आणि त्यामुळे जंगल समुद्रावरचे वारेच आत ओढतं, हा रशियाच्या माकारिएवा आणि गोर्श्कोव्ह यांनी २००७ मध्ये मांडलेला विचार आहे. बहुतेक हवामानशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही. समाजमाध्यमांवर दोन्ही एकाच दमात सांगितले जातात.

१९. बोर्निओ, मलेशियातही हेच लागू होतं का?

अर्धवट. मलेशियातल्या पासोह जंगलात मनोऱ्याच्या अनेक वर्षांच्या नोंदींत पाऊस कमी-जास्त होऊनही बाष्पीभवन वर्षामागून वर्षं जवळपास स्थिर राहिलं. तिथे चहूबाजूंनी समुद्र आहे, त्यामुळे वाफेसाठी जंगलावरचं अवलंबन ॲमेझॉनइतकं नाही. एल निनोच्या वर्षी दलदलीची जंगलं पेटतात आणि धुराने ऊन अडतं. त्या काळात बाष्पीभवन घटतं ते पाण्याअभावी कमी आणि उजेडाअभावी जास्त.

२०. सह्याद्रीच्या जंगलांचं असं काही आहे का?

आहे, पण प्रमाण वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर जूनमध्ये येणारी वाफ अरबी समुद्राची असते, जंगल असो वा नसो. फरक पडतो घाटापलीकडे. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की पश्चिम घाटातली घनदाट जंगलं नैऋत्य मोसमी काळात तमिळनाडूवर पडणाऱ्या पावसाला लक्षणीय वाफ पुरवतात, आणि मोसमी पाऊस कमी असतो तेव्हा हा आधार अधिक मोलाचा ठरतो. कावेरीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या राज्यांच्या कागदपत्रांत धरणांचे दरवाजे असतात. कोडगूच्या झाडांवरून उडून पूर्वेला जाणारं पाणी अजून कुणाच्या खात्यावर मांडलेलं नाही.